चालणाऱ्या माणसासाठी रेडिएटर

आर्लीन टेर्पस्ट्राला गाडी हळू चालवता येते, असं कुणी मला शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याला वेड्यात काढलं असतं. सोमवार ते शुक्रवार ती शाळेची बस चालवायची तेव्हा शहाण्यासारखी वागायची आणि वर्षातून एकदा मिरवणुकीत रांगायची, ते सोडा. शनिवारी हीच बाई आपली सत्तर सालची शेव्हेल मोटार घेऊन शर्यतीच्या पट्टीवर जायची आणि आसपासच्या गावांतल्या दांडगट पोरांना धूर खायला लावून परत यायची. मग सोमवारी त्याच पोरांची धाकटी भावंडं बसमध्ये घालून शाळेत सोडायची. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, ‘शेजारच्या सीटवर तोंड मिटून बसेल असा कुणी भेटला नाही.’ मीही एकदा विचारलं होतं, पण ते जाऊ दे.

मी कॉर्नी, तिचा कुंपणापलीकडचा शेजारी. आता ती बसवरून निवृत्त झाली आहे आणि घरात ती आणि तिचे वडील गेरिट, दोघंच. आर्लीन शाळेत असताना आई गेली, तेव्हापासून म्हाताऱ्याने तिला वाढवलं आणि आता ती म्हाताऱ्याला सांभाळते. दोघंही याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आमच्या आयोवा राज्यात माणसं प्रेमाबिमाचं बोलत नाहीत, फळं भरलेला गोड ‘पाय’ भाजून पुढ्यात ठेवतात.

गेरिट कोरियाच्या लढाईतून परत आले त्या वर्षापासून लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत झेंडा त्यांच्या हातात. मे महिन्यातला शेवटचा सोमवार, चर्चपासून दफनभूमीपर्यंत, पायी. पुढे गेरिट, त्यांच्या मागे आर्लीनची शेव्हेल, मग ट्रॅक्टर, आगीचा बंब, आणि सगळ्यात शेवटी वाजंत्री. म्हातारा ज्या चालीने चालेल त्या चालीने अख्खं गाव चालणार. ही आमची रीत आहे, आणि ती मोडायची कुणाची छाती नाही.

गेल्या वर्षी मात्र बँकेसमोर शेव्हेल उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं. गेरिट पुढे भर रस्त्यात तसेच उभे. एकदा इकडे वळले, एकदा तिकडे, पण पाय उचलेनात. सगळ्यांना वाटलं, म्हातारा थकला. मिरवणुकीची व्यवस्था बघणाऱ्या मार्विनने त्यांना गोल्फच्या गाडीत बसवलं आणि दफनभूमीपर्यंत नेलं. गेरिट मांडीवर झेंडा धरून बसले होते. मला ते बघवलं नाही.

यंदा थंडी सरल्यावर मार्विन त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफीला आला. मीही होतो, कारण आंबटगोड रुबार्बच्या देठांचा ‘पाय’ भाजलेला होता. मार्विन बिचारा वाईट माणूस नाही, पण काळजी करण्याचा त्याला आजारच आहे.

“गेरिटकाका, यंदा गाडीतच बसा ना. मान तोच राहील.”

“मी चालणार.”

“आणि पुन्हा मध्येच थांबलात तर?”

“तर पुढच्या वर्षी झेंडा दुसऱ्याला दे,” गेरिट म्हणाले, आणि ताटलीतला ‘पाय’चा शेवटचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत उचलला.

दुसऱ्या दिवशी आर्लीनने शेव्हेलच्या इंजिनाचं पाणी गार करणारा रेडिएटर उतरवला. कारखान्यातून आलेला, तांबं-पितळेचा, मूळचाच. नळ्या गाळाने बुजलेल्या, कोपऱ्यांवर डाग दिलेल्या जागी हिरवं चढलेलं. बिचाऱ्याचं वय झालं होतं. मी म्हटलं, “अगं, एवढी मरमर कशाला? त्या दिवशी माझी नवी गाडी घे. बॅटरीवर चालते. उकळायचा प्रश्नच नाही. आणि आवाज तर इतका कमी की मांजरसुद्धा उठत नाही.”

“तेच तर नको आहे,” ती म्हणाली. मग गॅरेजचं दार तिने ओढून घेतलं. “कॉर्नी, कुठे बोललास तर याद राख. बाबांना दिसत नाही. समोरचं सगळं पुसलं गेलंय. कडेकडेचं थोडंसं अंधुक दिसतं, बस्स.”

मला खोटंच वाटलं. “मग रस्त्याच्या मधोमध सरळ रेषेत चालतात कसे?”

“माझ्या दोन सायलेन्सरवर. डावा डाव्या कानाला, उजवा उजव्या कानाला. दोन्हींकडे सारखं ऐकू आलं की समजायचं, सरळ चाललोय. वळणावर मी आधी थोडी वळते, ते आवाजामागे वळतात. इंजिन बंद पडलं की संपलं. त्या दिवशी ते थकले नव्हते रे. त्यांना रस्ताच राहिला नव्हता.”

मी तिथे उलट्या बादलीवर बसलो. वर्षानुवर्षं मी फुटपाथवर उभा राहून त्या मिरवणुकीला टोपी काढत आलोय, आणि माझ्या नाकासमोर हे चाललं होतं. एक माणूस पोरीच्या इंजिनाचा आवाज धरून अख्ख्या गावातून चालत जातो, आणि गावाला पत्ता नाही.

तर आता रेडिएटर. आम्ही मोठ्या गावातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकलं आणि तो नवरदेवासारखा खुलला. नळ्यांच्या चार रांगांचा, उशीएवढा जाड पितळी रेडिएटर त्याने काउंटरवर आणून ठेवला. मीही मान डोलावली. रांगा जास्त तेवढं पाणी जास्त, पाणी जास्त तेवढा गारवा जास्त, हे तर कुणालाही कळतं.

“शर्यतीला हाच,” दुकानदार म्हणाला. “वेगात वारा आपोआप आत शिरतो.”

“आणि वेगच नसेल तर?”

“किती कमी?”

“काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याएवढा.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “बाई, मग ही गाडी कशाला ठेवलीत?”

काउंटरवरचा टेबलफॅन उचलून तिने त्या जाड रेडिएटरच्या मागे ठेवला आणि पुढच्या बाजूला माझा रुमाल धरला. रुमाल लटकून राहिला. मग भिंतीला टेकवलेला एक पातळ अॅल्युमिनियमचा घेतला, दोनच रांगांचा, पण नळ्या रुंद. तोच पंखा, तोच रुमाल. रुमाल फडफडायला लागला. माझं चार रांगांचं शहाणपण मी मुकाट्याने गिळलं.

“हा घ्या, आणि याला विजेचे पंखे बसवा,” दुकानदार आता जरा नरमला होता. “मग गाडी दिवसभर जागेवर उभी राहिली तरी उकळणार नाही.”

“ते पंखे किती किंचाळतात?”

“किंचाळतात थोडे. गाडीचा एवढा गडगडाट असताना कुणाला ऐकू येतंय?”

“येतं एकाला,” ती म्हणाली. पंखा इंजिनाचाच ठेवायचा असं तिने ठरवलं, आणि त्याच्याभोवती बसणारं पत्र्याचं कडं घेतलं, म्हणजे पंखा ओढेल तो वारा सगळा रेडिएटरमधूनच येईल. घरी आणून त्या चकचकीत अॅल्युमिनियमला तिने काळा रंग दिला. का, तर म्हाताऱ्याने बोटांनी चाचपला आणि नवा म्हणून ओळखला तरी चालेल, पण गावाने ओळखायला नको, नाहीतर हळू चालायला एवढा खटाटोप कशाला, असं विचारत बसेल.

मग चाचणी. मक्याच्या शेतांमधल्या मातीच्या रस्त्यावर तिने माझ्या हातात झेंड्याऐवजी दाताळं दिलं आणि माझी टोपी नाकापर्यंत खाली ओढली.

“चाल. आणि चोरून बघू नकोस, तुला मी शाळेपासून ओळखते.”

मी चाललो. आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू? आठ सिलिंडरचं ते धूड पाठीशी, आणि मी आंधळा. मग हळूहळू आवाजाचे दोन भाग झाले. मी डावीकडे सरकलो की तो उजव्या अंगाला जायचा, मी परत यायचो आणि तो पुन्हा पाठीच्या मधोमध बसायचा. कुणीतरी दोन्ही खांद्यांवर हात ठेवून चालवावं तसं वाटत होतं. मी मुद्दाम थांबलो, गाडी थांबली. एक पाऊल टाकलं, ती तेवढीच सरकली. हीच बाई शनिवारी पोरांना धूर खायला लावायची. शेवटी आर्लीन ओरडली की तापमानाचा काटा जागेवरून हललेला नाही, आणि मी टोपी वर केली तर रस्त्याच्या बरोबर मध्ये उभा होतो. मी बाहीने डोळे पुसले.

“काय झालं?” खिडकीतून आर्लीनने विचारलं.

“डोळ्यांत माती गेली.”

“टोपी होती ना डोळ्यांवर?”

स्मृतिदिनाला ऊन मरणाचं होतं. गेरिट निघाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कमरेच्या पट्ट्यात खोचलेला झेंडा. मी फुटपाथवरून बरोबरीने चालत होतो आणि माझा एक डोळा म्हाताऱ्यावर, एक बॉनेटवर. बँक आली. गेरिट तिथे मुद्दाम थांबले की काय कोण जाणे, पण थांबले. मागे ट्रॅक्टर थांबले, बंब थांबला, सगळं गाव थांबलं. शेव्हेल गुरगुरत राहिली. वाफ नाही, काही नाही. मार्विन घाम पुसत पुढे यायला निघाला, तेवढ्यात गेरिट चालू लागले.

दफनभूमीच्या फाटकात आर्लीनने इंजिन बंद केलं. तिथे बिगुल वाजतो तेव्हा पान हललेलं चालत नाही. काठीने वाटेची कड चाचपत गेरिट आत गेले आणि झेंडा खाचेत बसवून कडक सलाम ठोकून उभे राहिले. बिगुल संपला, लोक टोप्या घालायला लागले. मार्विन त्यांचा हात धरायला गेला. त्यांनी तो बाजूला केला.

“आर्लीन, आहेस ना?”

“आहे, बाबा. गाडीजवळच आहे.”

“गेल्या वर्षी आवाज बंद झाला,” म्हातारा सगळ्यांसमोर, पण कुणाकडेच न बघता बोलत होता, “तेव्हा मला वाटलं, तुलाच काहीतरी झालं. मागे वळलो, तर तू कोणत्या बाजूला ते कळेना. मला तुझ्यापर्यंत येताच आलं नाही, पोरी.”

म्हणजे वर्षभर हे पोटात ठेवून बसले होते. ते दुःख झेंड्याचं नव्हतंच. मार्विनने नुकतीच घातलेली टोपी पुन्हा काढली. त्याला सगळं कळलं होतं, आणि तो काही बोलला नाही, याबद्दल त्याचे शंभर गुन्हे माफ.

आर्लीनने खिडकीतून आत हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गेरिटनी मान जराशी तिरपी केली, ऐकलं, आणि काठी न टेकता थडग्यांमधल्या वाटेने सरळ तिच्याकडे चालत आले.