मामांनी लपवलेला डबा

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर कुठल्याही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही; स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून ही तारीख आपल्या सोयीनं ठोकून दिली, असा त्यांचा साठ वर्षांचा संशय आहे, आणि त्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्याकडेही ते 'ह्याला कुणी पाठवला?' अशा नजरेनं बघतात. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य आहे, पण रोज सकाळी अंगणात येऊन ते एकदा खात्री करून घेतात.

यात त्यांचा फारसा दोष नाही. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. उसाची भरलेली गाडी काट्यावर यायची, वजन व्हायचं. रिकामी होऊन परत यायची, पुन्हा वजन व्हायचं. आणि या दोन वजनांच्या मधे माणूस किती तऱ्हेची लबाडी करू शकतो हे मामांनी तीस हंगाम पाहिलं. कुणी मोळ्यांत दगड घातलेले, कुणी पाण्याचं पिंप भरून आणून परतताना ओतून दिलेलं. एकानं तर सासऱ्यालाच उसाखाली निजवून आणलं होतं. म्हातारा शिंकला म्हणून सापडला. मामा निवृत्त झाले, पण काटा काही त्यांच्या डोळ्यांतून उतरला नाही. येणारा पाहुणा त्यांच्या लेखी भरलेली गाडी आणि जाणारा रिकामी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी साताऱ्याहून त्यांच्या गावी गेलो, तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमानं माझ्या हातातली बॅग घेतली, तोलली आणि ठेवली. चार दिवसांनी निघालो तेव्हा पुन्हा तितक्याच प्रेमानं उचलली. "जावईबापू, किलोभर जड झालीया," ते म्हणाले. मामींनी चकल्या बांधून दिल्या होत्या. त्या काढून दाखवेपर्यंत बॅग काही त्यांनी माझ्या हाती दिली नाही.

सही करणं हा तर त्यांच्या मते गुन्ह्याच्या खालोखालचा प्रकार. "सही म्हंजे माणसाची शेपटी. एकदा का दुसऱ्याच्या हातात गेली की तो वढील तिकडं जायचं." कुरिअरवाला पार्सल घेऊन आला की मामा त्याच्याकडून कागदावरचा शब्दन् शब्द वाचून घेतात आणि शेवटी म्हणतात, "बरं वाचतूस. घिऊन जा माघारी." वस्तू लपवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा वाळवा तालुक्यात नसेल. कपाटाची किल्ली ते अशी ठेवतात की चोराला सापडू नये. मग ती त्यांनाही सापडत नाही. मग ती चोरानं नेली असं ठरतं.

पण या सगळ्या किरकोळ संशयांचा एक मूळ पुरुष होता, आणि तो होता मामांचा धाकटा भाऊ. वाटणी होऊन अठरा वर्षं झाली होती. एका रानाची दोन रानं झाली, मधे बांध पडला, आणि पहिल्याच वर्षी मामांना वाटलं की धाकट्यानं बांध कोरला. आमच्याकडे भाऊबंदकीत एवढा एक शब्द पुरतो. बोलणं बंद. मात्र मामा कोर्टात गेले नाहीत, कारण वकील फितूर होतो. मोजणी आणली नाही, कारण मोजणीदार जेवायला कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. त्यांनी स्वतःच न्याय केला. दर वर्षी ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं, की मामा खोरं घेऊन एकटे बांधावर जायचे, एक डोळा मिटून काट्यावरच्या नजरेनं बघायचे, धाकट्यानं यंदाही वीतभर खाल्लं असं ठरवायचे आणि तेवढा बांध परत सरकवून घ्यायचे. दोन्ही टोकांना हद्दीचे दगड होते, तिथं काही करता येत नव्हतं. सगळी दुरुस्ती मधल्या मधे. पुढं ऊस डोक्याएवढा झाला की बांध कुणाला दिसतोय?

अशा माणसाला आम्ही स्पर्धेत घेतलं. साताऱ्याच्या एका गिर्यारोहण मंडळानं जिओकॅशिंग नावाचा खेळ ठेवला होता. एरवी यात कुणीतरी रानात डबा लपवतो आणि बाकीचे मोबाइलवरच्या उपग्रहाच्या आकड्यांवरून तो शोधतात. यंदा मंडळानं आकडे काढून टाकले. चार जणांचा संघ, त्यातला एक साठीच्या पुढचा. आपल्या भागात डबा लपवायचा, तिथं जमिनीवर काहीतरी भव्य चित्र मांडायचं, त्याचा आकाशातून फोटो काढायचा, आणि इतर संघांनी त्या एका फोटोवरून डबा हुडकायचा. डब्यात वही, तिच्यात आपल्या चौघांच्या सह्या, खाली शोधणाऱ्याची. संध्याकाळपर्यंत कुणालाच सापडला नाही तर गुण शून्य. मी, बायको आणि आमची मुलगी असे तिघे तयार होतो. साठीच्या पुढचे म्हणून मामा. मुलीनं त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात त्यांचा फायदा काय?" "काही नाही, आजोबा. गंमत." "मग नक्कीच कायतरी हाय," मामा म्हणाले आणि आतलं कळावं म्हणून संघात आले.

चित्राची कल्पना मुलीची. मामांच्या रानात नुकताच ऊस तुटला होता. मागं उरलेल्या वाळक्या पाल्याचं पाचट रचून आम्ही एक अवाढव्य तराजू केला. खताच्या पांढऱ्या पोत्यांची दांडी, मधला काटा मामांनी स्वतःच्या हातानं थोडा कलवलेला. एका पारड्यात आम्ही तिघं आडवे, दुसऱ्यात एकटे मामा, आणि मामांचंच पारडं खाली. इस्लामपूरहून लग्नाचे फोटो काढणारा एक गृहस्थ ड्रोन घेऊन आला होता. मामांनी त्याला आधी विचारलं, "वर गेल्यावर शेजारचं रान दिसतं का?" दिसतं म्हणाल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मग ते घोंगडं टाकून उताणे झाले आणि डोक्यावर घोंघावणाऱ्या त्या यंत्राकडे फोटो होईपर्यंत पापणी न लववता बघत राहिले. बांधापलीकडं आपल्या विहिरीच्या काठावर धाकटे कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होते. चार माणसं भरदुपारी पाचटात का निजलीत, हे त्यांनी विचारलं नाही. विचारणार कुणाला?

वहीत सही करायला मामांनी साफ नकार दिला. "कोऱ्या वहीवर? वर उद्या काय लिवतील?" मुलीनं आमच्या तिघांच्या सह्या घेतल्या, चौथी जागा मोकळी सोडली आणि आयोजक तिकडं काणाडोळा करतील यावर हवाला ठेवला. डबा लपवायला मामा एकटेच गेले, जाताना आम्हाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. कुठं लपवला हे आम्हालाही सांगितलं नाही. "अहो मामा, आपण एकाच संघातले," मी म्हणालो. "संघ म्हंजे चार तोंडं," ते म्हणाले.

रविवारी सातारा, वाई, सांगलीचे सात संघ आले. त्यांनी तराजूची दोन्ही पारडी उसकटली, पोती झाडली, बांधावरची बिळं चाचपली. दोघातिघांनी तर घोंगडं घेऊन निजूनही बघितलं. मामा बाज टाकून चहा पीत बसले होते. सहा वाजता सगळे हात हलवत गेले आणि आमचा संघ शून्य गुण घेऊन तळाला बसला. मुलगी वैतागली. "आजोबा, डबा सापडला पाहिजे, तरच आपण जिंकतो." मामांना हे काही पटेना. "सापडायचाच हुता तर लपवला कशाला, बाळ?"

आठवड्यानं मंडळानं प्रत्येक संघाला आपल्या फोटोची मोठी प्रत पाठवली. ती द्यायला मी मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, भिंग आणलं, आणि स्वतःच्या आडव्या देहाकडं न बघता थेट बांधाकडं वळले. मामींच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन फोटोतल्या एका हद्दीच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत ताणून धरायला मला सांगितला. दोरा सरळ. बांध धनुष्यासारखा वाकलेला. "बघा," मामा हर्षानं म्हणाले. "अठरा वर्सं सांगतुया. आता आभाळानंच साक्ष दिली."

मी बघितलं. बांधाचं पोट धाकट्यांच्या रानात गेलं होतं. मी तिथं फक्त बोट ठेवलं. मामांनी फोटो फिरवला. भिंग पुसलं. फोटो उलटा छापलाय म्हणाले. मग त्यात विहीर बघितली, आपलं घोंगडं बघितलं, आणि भिंग खाली ठेवलं. यंत्राची नजर तिरकी असंल, असंही एकदा म्हणून बघितलं, पण ते त्यांनाच ऐकू गेलं नसावं. वीत वीत करून अठरा वर्षं परत घेतलेली जमीन कधी गेलेलीच नव्हती. तीन दिवस त्यांनी कुणावर संशय घेतला नाही. मामी घाबरल्या. त्यांनी मला फोन करून बोलावलं.

चौथ्या दिवशी फोटोची गुंडाळी काखेत मारून मामा बांध ओलांडून गेले. साक्षीदार म्हणून मला घेतलं. ती सवय कुठली सुटते. धाकटे विहिरीवर मोटरीला तेल घालत होते. मामांनी फोटो त्यांच्या समोर उलगडला, दोरा ताणला, आणि मान खाली घालून उभे राहिले.

"मला ठावं हाय," धाकटे फोटोकडं न बघताच म्हणाले.

"कवापास्नं?"

"पयल्या सालापास्नं. खोरं काय मुकं असतंय का?"

"मग बोलला का न्हाईस?"

धाकट्यांनी तेलकट बोंदऱ्यानं हात पुसले. "बोललो असतो तर तू बांधावर यायचा बंद झाला असतास. वर्सातनं योक दिस तर दिसायचास. म्हटलं, जाऊ दे वीतभर."

धाकटे विहिरीच्या तीन पायऱ्या उतरले, डाव्या हाताच्या कोनाड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आमचा डबा वर आणला. आता मला उमगलं: चित्रातल्या तराजूचा कललेला काटा थेट त्या विहिरीकडे होता, पण दुसऱ्याच्या रानात कोण शिरणार? त्या कोनाड्यात हे दोघे भाऊ लहानपणी पेरू लपवायचे. ज्या भावावर जन्मभराचा संशय, त्याच्याच विहिरीत मामांनी डबा निर्धास्त ठेवून दिला होता.

"तू ठिवताना बघितलं," धाकटे म्हणाले. "सांजच्याला हुडकला. सही केलीया. वरची जागा मोकळी दिसती."

मामांनी वही उघडली. खालची सही डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखली. "ही तुझीच कशावरनं?"

"तू कर की. मग बाजूला ठिवून जुळवून बघ."

मी पेन पुढं केला. मामांनी तो कागदाच्या कोपऱ्यावर चालवून बघितला, आणि मग चौथ्या जागी, आई-वडिलांसकट संपूर्ण नाव घालावं तशी, सावकाश सही केली.

त्या उन्हाळ्यात दोघांनी दोरी लावून बांध सरळ केला. पुढच्याच वर्षी मामांना नवा संशय आला: धाकटा बांध गुपचूप स्वतःच्याच रानात ओढतोय, म्हणजे मला जमीन देतोय. त्यावरून दरसाल बांधावर भांडण होऊ लागलं, आणि भांडण झालं की चहा.

यंदा मामांचे गुडघे धरले. ते बांधावर गेले नाहीत, म्हणून धाकटेच घरी आले. नेमका मी होतो. मामांनी त्यांना दारातून आत येताना वरपासून खालपर्यंत बघितलं. तासभर दोघं उसावर, पाण्यावर, नातवंडांवर बोलले. धाकटे उठले, चपला घालून निघाले, तेव्हा मामांनी पुन्हा तसंच बघितलं. धाकटे फाटकाबाहेर गेले तरी मामांची नजर हलेना.

मी खवचटपणे विचारलं, "काय नेलं का हो त्यांनी?"

"न्हाई," मामा म्हणाले. "येतानाच कमी भरला. चार किलो तरी उतरलाय गेल्या सालापेक्षा." मग थोडं थांबून, फाटकाकडंच बघत म्हणाले, "जावईबापू, उद्या गाडी आणाल का? सांगलीला दावून आणू त्याला. माझा काटा चुकत असंल तर बरंच हाय."