शेवटचं घर

डायलिसिस झालेल्या रुग्णांना घरी सोडणाऱ्या आमच्या दवाखान्याच्या गाडीचा मार्ग मी ठरवते. सुमनताईंचं घर सगळ्यांत जवळ, म्हणून त्यांना आधी उतरवायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, "मला शेवटी सोडा ना. घरी जाऊन तरी काय करू?"

थकल्या अंगाने त्यांनी गावभर फिरावं हे मला पटत नव्हतं, तरी मी ऐकलं. अंतर मोजता येतं. घरी जायची ओढ कशी मोजायची?

एकदा मीही त्याच गाडीत बसले. प्रत्येक दारात कुणीतरी वाट पाहत होतं. सुमनताई उतरणाऱ्याला काचेतून हात करत होत्या. त्यांच्या दाराला मात्र कुलूप होतं.

"चहा घेऊन जाता?" त्यांनी विचारलं.

मी आत गेले. त्यांनी फळीवरून दुसरा कप काढला. त्यावर धूळ होती. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या बराच वेळ तो धूत राहिल्या.