वीसपैकी बारा

गास्पारने बॅग भरून ठेवली आहे, हे मला आज दुपारी त्याच्या खोलीतल्या डाल्टनकडून कळलं. तेव्हापासून दोनदा मी ओव्हन चालू ठेवून विसरले. बॅग भरली याचं काही नाही, मुलं बॅगा भरतातच. माझ्या जिवाला लागून राहिलंय ते वेगळंच. डाल्टन म्हणाला, "मिसेस के., त्यानं सगळ्या शर्टांना इस्त्री केली. बाह्यांनासुद्धा." रडला असता, दार आपटलं असतं, तर मी आता झोपलेली असते. पण पराभव झाल्यावर बाह्यांना इस्त्री करणाऱ्या मुलाचं काय करायचं?

गास्पार व्हियेर्मो. वय वीस. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या एका गावचा. गावात माणसांपेक्षा गाई जास्त, असं त्यानंच सांगितलं आणि त्यात त्याला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. ऑगस्टमध्ये तो वर्षभरासाठी आमच्या विद्यापीठाच्या दुग्धशाळेत शिकायला आला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मुलाला विद्यापीठ गावातलं एक घर जोडून देतं. शुक्रवारचं जेवण, थंडीचा कोट, दात दुखला तर डॉक्टर, एवढं त्या घरानं बघायचं. आमचा गॅरेट अलास्काला गेल्यापासून आम्ही हे काम करतो. गॅरेट तिकडे विमानांची इंजिनं दुरुस्त करतो आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतो.

अशा घरांना एक अर्ज भरावा लागतो. 'घरात फ्रेंच कितपत येतं?' या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच होतं आणि दोन्ही वर्षी मला 'ए' होता, म्हणून लिहिलं. गास्पारनं त्याच्या अर्जात इंग्रजीपुढे 'कामापुरतं' लिहिलं होतं. बसस्टँडवर मी माझ्या उत्तम फ्रेंचमध्ये त्याचं स्वागत केलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आभार मानले, आणि मग इंग्रजीत माझ्या नवऱ्याला सांगितलं की तुमच्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, ती कशामुळे कमी होते आणि डिसेंबरपर्यंत त्या टायरचं काय होईल. झालंही तसंच.

माझा नवरा वेंडेल हिवाळ्यात काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतो. थँक्सगिव्हिंगला तो पहाटे पाचला उठून टर्की भाजायला घालतो आणि दिवसभर तिच्याशी बोलतो. यंदा पहिला घास गास्पारला दिला.

"कशी झालीय?"

गास्पारनं नीट चावून विचार केला. "वाईट नाही."

वेंडेलनं काटा खाली ठेवला. पुढे गास्पारनं तीनदा वाढून घेतलं, हाड चोखलं आणि निघताना उरलेल्याचा डबा मागितला. वेंडेल अजूनही म्हणतो, "पोराला टर्की आवडली नाही."

हे सगळं त्याच्या आईकडून आलेलं आहे. तिचं नाव मारी-आंज. गावच्या सहकारी दुग्धशाळेच्या तळघरात ती चीज तपासते. तिथलं चीजचं एकेक गोल चाक चांगलं बारा वर्षांच्या मुलाएवढं वजनदार असतं. ती त्यावर छोटी हातोडी वाजवून ऐकते, सळईनं आतला तुकडा काढून चावते आणि वीसपैकी गुण देते. बाराच्या खाली पडलेल्या चाकाला त्या चीजचं नाव लावता येत नाही, ते वितळवून पाकिटात भरायला जातं. बारा मिळाले की तपकिरी पट्टा. चौदापासून पुढे हिरवा.

"आणि सतराच्या वर?" मी विचारलं होतं.

तो आठवायला लागला. "मी सात वर्षांचा असताना आजोबांच्या एका चाकाला मिळाले होते."

"मग वीस कुणाला?"

"वीस कसे देणार, मादाम? मग पुढच्या वर्षी काय करायचं?"

त्यांच्या शाळेतही वीसपैकीच गुण आणि हाच हिशेब. मला तेव्हा हे गमतीचं वाटलं. मी शेजारणींनाही सांगितलं.

तर या सेमिस्टरला त्याचा चीज मुरवण्याचा वर्ग होता. तिघांची एक तुकडी: गास्पार, त्याच्याच खोलीत राहणारा डाल्टन, आणि ब्रिन नावाची एक मुलगी. ब्रिन व्हॉलीबॉल खेळते, त्यामुळे ती वर्गापेक्षा बसमध्ये जास्त असते. सप्टेंबरात चाक बनवायचं, तीन महिने मुरवायचं, रोज उलटायचं, पुसायचं. शेवटी अर्धे गुण चीजला. उरलेले अर्धे असे: प्रत्येकानं एका कागदावर स्वतःला आणि सोबत्यांना वीसपैकी गुण द्यायचे. प्राध्यापक हॅलवर्सनबाईंचा एक नियम आहे. सोबत्यांनी दिलेले गुण आणि स्वतःला दिलेले गुण यांत फरक आला, तर कमी असलेला आकडा धरायचा. मुलं स्वतःला वाटेल तेवढे गुण देतात म्हणून अकरा वर्षांपूर्वी त्यांनी हा नियम केला. अकरा वर्षांत तो एकाच दिशेनं लागू झाला होता, स्वतःला जास्त देणाऱ्यांवर.

डाल्टननं तिघांनाही वीस दिले. ब्रिननंही तिघांना वीस दिले, आणि शेजारी हसरा चेहरा काढला. गास्पारनं डाल्टनला पंधरा, ब्रिनला तेरा आणि स्वतःला बारा दिले. खाली कारणं लिहिली. पानभर.

गुरुवारी निकाल लागला. काल शुक्रवार, म्हणून गास्पार आणि डाल्टन नेहमीसारखे आमच्याबरोबर गावातल्या खाणावळीत तळलेले मासे खायला आले. डाल्टन बसायच्या आधीच सुरू झाला.

"पंधरा? लेका, नोव्हेंबरात पहाटे पाचला तुझ्याबरोबर उठून चाकं उलटली मी! पंधरा?"

"म्हणून तर पंधरा," गास्पार म्हणाला. "हिरवा पट्टा आहे तो. आजवर कुणाला दिले नव्हते."

"माझा 'ए' गेला त्या हिरव्या पट्ट्यापायी."

"मग 'ए' फार स्वस्त असणार तुमच्याकडे."

"ऐकलंत, मिसेस के.? वर आणि हे!"

वेंडेल म्हणाला, "मला किती देशील रे?"

"कशाबद्दल?"

"एकूणच."

गास्पारनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटतं, हातोडी असती तर वाजवूनही बघितली असती. "साडेतेरा."

"लोरीन," वेंडेल मला म्हणाला, "तुझं लग्न तपकिरी पट्ट्याशी झालंय." आणि त्यानं आणखी एक बिअर मागवली.

मी मात्र विचारलं, "स्वतःला बाराच का?"

"चाकाची साल फुटली, मादाम. एक दिवस उलटायचं राहिलं, पाणी एका बाजूला बसलं."

"कुठला दिवस?"

तो माशातले काटे काढायला लागला. डाल्टननंच सांगितलं, "थँक्सगिव्हिंग. मी घरी गेलो होतो, ब्रिन फ्लोरिडात होती. त्या दिवशीची पाळी याची."

त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच गास्पार कोट घालून दारात उभा होता, दुग्धशाळेत जाऊन येतो म्हणत होता. कोट मीच काढून घेतला. म्हटलं, गोड खाल्ल्याशिवाय कुणी जातं का, सकाळी जा. मग मी त्याला पत्ते खेळायला बसवलं.

आता या बाराचं व्हायचं ते झालं. आमच्याकडे वीसपैकी बारा म्हणजे काठावरचा विद्यार्थी. वर्गात त्याला 'सी' मिळाला, त्यामुळे त्याची सरासरी 'बी'च्या किंचित खाली आली. वर्षभर राहायचं तर 'बी' लागतो. गुरुवारीच पत्र आलं: जानेवारीत परत यायचं कारण नाही. उपाय तसा सोपा आहे. सोमवारी दुपारी बारापर्यंत त्यानं स्वतः एक ओळ लिहून द्यायची, गुण देताना माझा अंदाज चुकला. हॅलवर्सनबाईंनी डाल्टनला बोलावून हे स्वतः सांगितलं. आमच्याकडची पोरं परीक्षेनंतर अर्ध्या गुणासाठी प्राध्यापकांच्या दाराशी रांग लावतात, त्यामुळे बाई वाट बघत बसल्या होत्या. हा गेलाच नाही.

"पण माझा अंदाज चुकला नाही," तो काल म्हणाला. "पट्टी वेगळी असेल तुमची. साल तर फुटलीच ना?"

"अरे, एक ओळ!" डाल्टन म्हणाला.

"गुण मागायचे नसतात. मिळतात ते घ्यायचे." आणि त्यानं माशावर लिंबू पिळलं.

आज दुपारी बॅगेचं कळल्यावर मी सूप घेऊन दुग्धशाळेत गेले. त्याची जागा मला माहीत होती. तिथे मागच्या खोलीत एक जुनी तांब्याची कढई आहे, माणूस आत उभा राहील एवढी. चाळीस वर्षं तिच्यात कुणी दूध ओतलेलं नाही, लोक तिच्यात खोकी ठेवायचे. गास्पारनं सप्टेंबरपासून ती घासायला घेतली. एप्रिलमध्ये गाई नव्या गवतावर गेल्या की तिच्यात त्याच्या गावच्या पद्धतीचं एक चाक बनवायची परवानगी त्यानं मिळवली होती. चार महिन्यांत मी त्याला एकाच गोष्टीबद्दल न विचारता बोलताना ऐकलं, ते या चाकाबद्दल.

तो कढईत वाकून घासतच होता.

"आता कशाला घासतोयस?"

"पुढच्याला लागेल."

"कोण पुढचा?"

तो कढईच्या आतूनच म्हणाला, "एप्रिलचं दूध पिवळं असतं, मादाम. इथलंही असेल." आणि पुन्हा घासायला लागला.

मी विचारलं, "आईला कळवलंस?"

"कळवलं. बारा मिळाले म्हणून."

"मग?"

"म्हणाली, पास झालास, छान."

"आणि परत यावं लागणार, ते?"

"ते अजून नाही."

"मी बोलू का तिच्याशी?"

त्यानं डोकं वर काढलं. "कुठल्या भाषेत?"

"फ्रेंचमध्ये."

तो माझ्याकडे बघत राहिला, वेंडेलकडे बघितलं होतं तसाच. मग पुन्हा वाकला. "तुमची इच्छा, मादाम."

जेवताना मी हे वेंडेलला सांगितलं. त्यानं आधी एवढंच विचारलं, "हॅलवर्सनबाईंना फोन करणार नाहीस ना?"

"नाही."

"लोरीन."

"नाही म्हटलं ना!"

त्याचं बरोबर आहे. गॅरेट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना रसायनशास्त्रात गडबडला, तेव्हा मी रविवारी सकाळी त्याच्या प्राध्यापकांना घरी फोन केला होता. पाऊण तास बोलले. गुण बदलले नाहीत. पोरं त्याला 'आईचा गॅरेट' म्हणायला लागली आणि तो पाच महिने माझ्याशी बोलला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारची पद्धत तेव्हापासूनची आहे. वेंडेल ही गोष्ट कधी काढत नाही, फक्त "लोरीन" म्हणतो.

म्हणून संध्याकाळपासून मी स्वतःला विचारतेय, की हेही तेच नाही ना. मुलाच्या मानेवरून हात घालून त्याचं ताट मी ओढतेय का? फरक असलाच तर दोन. एक, या वेळी मी विचारून करतेय, आणि मुलानं, कढईत डोकं घालून का होईना, हो म्हटलंय. दुसरा फरक त्या संध्याकाळच्या कोटाचा. साल फुटली ती माझ्या घरात फुटली. त्यानं पानभर कारणं लिहिली, त्यात हे लिहिलेलं नाही. डाल्टननं तो कागद पाहिलाय. 'चाक उलटायचं राहिलं, चूक माझी' एवढंच आहे. यजमानणीचं नाव घालणं त्याला शोभलं नसेल.

मी बोलून तो ओळ लिहिणार नाही, आणि डाल्टन तर दोन दिवस शिव्या घालून दमलाय. गास्पार मानतो अशी एकच पट्टी जगात आहे, ती मारी-आंजच्या हातात. तिला ठरवू दे. तिच्या मते बाराच असतील तर मी बॅग स्वतः ट्रकमध्ये ठेवीन आणि इस्त्री मोडणार नाही अशी ठेवीन. पण तिला सगळं कळायला हवं. कोटाचं, एप्रिलचं, आणि इथे बाराचा अर्थ काय होतो ते.

इथे आता साडेअकरा झालेत. बाहेर बर्फ पडायला लागलंय, वेंडेलला चारला गाडी काढायची म्हणून तो केव्हाच झोपला. तिकडे रविवारची सकाळ, साडेसहा. गाई रविवार पाळत नाहीत, असं गास्पार म्हणतो. ती सातला तळघरात उतरते आणि तिथे फोन लागत नाही. म्हणजे माझ्याकडे अर्धा तास आहे.

जुनी डिक्शनरी काढून तीन वाक्यं लिहून ठेवलीत. 'तुमच्या मुलाला त्या दिवशी मी जाऊ दिलं नाही.' हे दुसरं. 'तुम्ही किती गुण दिले असते?' हे तिसरं. पहिल्या वाक्यावर बराच वेळ गेला. 'मी लोरीन, गास्पारच्या इथल्या घरची' असं आधी लिहिलं होतं. त्याच्यापुढे आता आणखी चार शब्द जोडलेत: माझं फ्रेंच बाराचं आहे.

नंबर फ्रिजवर लावलेला आहे. लावते.