हेराक्लीसचा तांबडा गाल

अथेन्सच्या कुंभारवाड्यात मिकाने उभा जन्म घड्यांच्या काठावर वेलबुट्टी काढण्यात घालवला. वीरपुरुष रंगवायचा मान भट्टीचा मालक असलेल्या तिच्या दिराचा, तैसिआसचा. त्याचा हात थरथरू लागला, तेव्हा कुठे सिंहाशी झुंजणारा हेराक्लीस तिच्या वाट्याला आला.

"बिघडला तर पुन्हा वेलबुट्टी, वहिनी!" त्याने बजावलं.

भट्टी उघडली. भाजताना शेजारच्या घड्याला टेकल्याने हेराक्लीसचा गाल काळा न होता तांबडाच राहिला होता.

"वीर लाजतोय वाटतं?" तैसिआसने टोमणा मारला.

"सिंहाला मिठी मारून बघा भावजी, तुमचाही गाल तापेल! आणि भट्टीत घडे रचले कोणी?"

घडे त्यानेच रचले होते. तैसिआस खो खो हसला. मग सिंहाच्या मानेभोवती आवळलेले हात तो बराच वेळ न्याहाळत राहिला.

"रेघ पक्की आहे," म्हणत त्याने कोरा घडा पुढे सरकवला. "आता दुसरा वीर, थेसिअस काढा. त्याला भट्टीत मी सुटा ठेवतो."