पहिली ‘ब’चे आबा

बाळकुमच्या त्या शाळेच्या गेटपाशी दुपारी जी गर्दी जमते, तिच्यात विश्राम तेंडोलकर यांना कोणीही ओळखलं असतं. पांढरा हाफ शर्ट, ऊन असो नसो बगलेत छत्री, आणि चेहऱ्यावर वॉचमनपेक्षा जास्त जबाबदारी. एखाद्याने गेटच्या तोंडाशी रिक्षा लावली की आबा नुसती छत्री वर करत आणि रिक्षा निमूट पुढे जाई. कोणाची बाटली वर्गात राहिली, कोण एकच बूट घालून बाहेर आलं, कोणाच्या आईला आज उशीर होणार, सगळं आबांना ठाऊक. वागळे इस्टेटच्या एका कंपनीत, टाइम ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. माणसं आत कधी गेली आणि बाहेर कधी आली एवढं बघण्यापलीकडे त्यांना दुसरी कला येत नव्हती, आणि शाळेच्या गेटला नेमकी तीच लागते.

अडचण एकच होती. त्या शाळेत आबांचं कोणी शिकत नव्हतं.

एके काळी शिकत होतं. नातू नील बालवाडीपासून पहिलीपर्यंत तिथेच होता. मग मुलगा सलिल आणि सून सोनल यांनी त्याला घोडबंदर रोडवरच्या मोठ्या शाळेत घातलं. त्या शाळेची बस थेट ते राहतात त्या टॉवरच्या आवारात येते, आणि ती कुठवर आली ते सोनलला ऑफिसात बसून फोनवर दिसतं. “बाबा, आता तुम्हाला उन्हात जायची गरजच नाही,” सोनल मायेने म्हणाली. सोनल चांगली मुलगी आहे. आपल्याला घरी बसवणारी माणसं बहुतेक चांगलीच असतात, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. कंपनीने एकदा नारळ दिला होता, तो आबांनी मुकाट्याने घेतला. हा दुसरा मात्र त्यांच्याच्याने घेववेना.

नवी शाळा सुरू झाली, बसने नीलला नेलं, आणि दुपारी आबा छत्री काढून जुन्या गेटवर जाऊन उभे राहिले. घंटा झाली, पोरं सुटली, एकच गोंधळ उडाला. त्या गोंधळात कोण कोणाचा हात धरून गेलं याचा पत्ता ब्रह्मदेवालाही लागत नाही. आबा आपले घाईघाईने, कोणाला तरी घेऊन चालल्यासारखे, समोरच्या बागेच्या डाव्या बाजूने वळले आणि वळसा घालून घरी आले. कोणी विचारलं नाही. मग काय, रोजचंच झालं.

गेटच्या आत झाडाखाली कट्टा आहे. शाळेचा नियम असा की तिथे फक्त मुलांना न्यायला आलेल्यांनीच बसायचं. त्या कट्ट्यावर आबांच्या शेजारी हौसाबाई बसत. साताऱ्याकडच्या, मुलाबरोबर बाळकुमला आलेल्या, नात करिश्मा दुसरीत. हौसाबाईंना शाळेची पायरी कधी चढायला मिळाली नव्हती, म्हणून की काय, वर्गातून पाढ्यांचा आवाज आला की त्या बोलणं थांबवून ऐकत. एरवी दोघांच्या गप्पा ठरलेल्या.

“नीलचा आज पुढचा दात पडला,” आबा सांगत.

“माझ्या करिश्मानं काल पुना डबा तसाच आनला बगा. निस्ती भेंडी असली तरच खाती.”

नीलचे दात असे वर्षभर पडत राहिले. एका माणसाच्या तोंडात मावतील त्यापेक्षा जास्त पडले असावेत, पण हौसाबाईंनी कधी हिशेब विचारला नाही.

खोटं मुकाट्याने चाललं असतं तर काही बिघडलं नसतं. पण यंदा पालक-शिक्षक संघाची सभा आडवी आली. वॉचमन प्रीतम धावत आला. “आबा, इकडे काय बसलात? मीटिंग सुरू झाली, चला आत.” आणि त्याने त्यांना हाताला धरून पहिली ‘ब’च्या वर्गात नेऊन एका चिमुकल्या बाकावर बसवलं. पहिली ‘ब’च का? कारण तिथे जागा होती.

वर्गशिक्षिका मैथिली मॅडमनी विचारलं, “वर्गप्रतिनिधी म्हणून कोण काम करेल?” असा प्रश्न आला की महाराष्ट्रातले सगळे पालक एकाएकी आपल्या फोनमध्ये शिरतात. मूग गिळून सगळे बसले. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेवढ्यात मागून एक बाप फोनमधून डोकं न काढता म्हणाला, “आबा रोज गेटवर असतातच की.” सुटकेचा एवढा मोठा निःश्वास त्या वर्गात पूर्वी ऐकू आला नसेल. भराभर हात वर झाले. हे नक्की कोणाचे आजोबा, ते एकानेही विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कोणाचे तरी असतील.

आबांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या. निवृत्तीच्या दिवसानंतर त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. “बघू या,” एवढंच ते म्हणाले, आणि घोंगडं गळ्यात पडलं.

एकदा पडल्यावर मात्र त्यांनी ते नीट पांघरलं. मुलांच्या मोरीचे गळके नळ बदलून घेतले. व्हॅनवाल्यांना शिस्त लावली. पालकांच्या ग्रुपवर इतर सगळे ‘अमुकची आई’ नाहीतर ‘तमुकचे बाबा’ होते. त्यांचं नाव सगळ्यांनी ‘गेटवाले आबा’ असं साठवलं. वाळक्या पानांचा हत्ती करून आणायला सांगितला तेव्हा दहा आयांनी ग्रुपवर विचारलं, सोंड कशी करायची? प्रतिनिधी म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं. आबांनी खोलीचं दार लावून स्वतः हत्ती केला.

सोनल ऑफिसातून लवकर आली, तेव्हा सासरे जमिनीवर मांडी घालून हत्तीच्या पार्श्वभागाला डिंक लावत होते.

“बाबा, हे काय?”

“होमवर्क,” आबांच्या तोंडून निघून गेलं.

सोनलने दार हळूच ओढून घेतलं. रात्री सलिलशी हळू आवाजात बोलली, आणि शनिवारी आबांना नौपाड्यातल्या एका डॉक्टरकडे नेण्यात आलं. डॉक्टर प्रेमळ होते. आज वार कोणता, आपण कोणत्या गावात आहोत, शंभरातून सात गेले किती, असं सगळं त्यांनी विचारलं. आबांनी सगळं अचूक सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, “छान. आणि दिवसभर काय करता?”

आबा खोटं बोलून कंटाळले होते. “शाळेत जातो,” ते म्हणाले.

“कितवीत?” डॉक्टरांनी फार हळुवारपणे विचारलं.

“पहिली ब.”

सोनलने पर्समधून रुमाल काढला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि यांना एकटं बाहेर सोडू नका म्हणाले. सोनलने एकट्याने जाऊ नका असं बजावलं. पण दुपारी बजावलेल्याची आठवण करून द्यायला घरी कोणीच नसे, त्यामुळे गोळी घेऊन आबा शाळेत गेले.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाची पत्रिका आली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ‘वर्गप्रतिनिधींचा पाल्यासह सत्कार. पाल्य दोन ओळी म्हणून दाखवेल.’ पाल्य आणायचं कुठून? भाजी मंडईत मिळण्यासारखी वस्तू नव्हे ती. नीलला मागावं तर तो ‘आजोबा, प्लीज हां’ म्हणून कानात हेडफोन घालणार, आणि वर सोनलला सगळं कळणार. खरं सांगून टाकावं तर दुसऱ्या दिवसापासून गेट बंद. गेट बंद म्हणजे टॉवरच्या त्या उंच मजल्यावर दिवसभर टीव्ही आणि आपण. त्या कल्पनेनेच त्यांना धडकी भरली. त्यांना भीती वाटत होती, खरीखुरी, आणि या वयात ती कोणाला सांगायची तेही कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी ती हौसाबाईंना सांगितली. नील इथे नाही, दात वगैरे सगळं खोटं, आणि एका दिवसापुरती करिश्मा उसनी मिळेल का? हे सांगताना त्यांची मान वर होत नव्हती.

“बगू,” हौसाबाई म्हणाल्या. पदर सारखा केला. पुन्हा म्हणाल्या, “बगू, काय तरी करू.”

संमेलनाच्या दिवशी हौसाबाई आल्या त्या एकट्याच. अंगावर ठेवणीतलं इरकल, कपाळावर मोठं कुंकू. पडद्यामागे आबांचा जीव टांगणीला लागला होता.

“करिश्मा कुठाय?”

“ती कुठली आता, आबा? लेकाची बदली झाली, त्यो बायकोपोरीला घिऊन बडोद्याला ऱ्हातोय. मी हितं खोली राखती.” त्यांनी मान खाली घातली. “लई दिस झालं. तुमी डाव्या अंगानं जाताव, मी उजव्या अंगानं जाती, म्हून कळलं न्हाई.”

दीड वर्ष ज्या मुलीच्या भेंडीची चौकशी केली, ती मुलगी दुसरीतून तिसरीत का गेली नाही हा प्रश्न आबांना एकदाही पडला नव्हता. आधी हसू आलं. मग आलं नाही.

तेवढ्यात मैथिली मॅडम घामाघूम होऊन आल्या. प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला पोचायचं होतं, गाडी चालू करून ठेवली होती. “आबा, चला चला, तुमचंच नाव. पाल्य?”

“मी हाय,” हौसाबाई म्हणाल्या आणि आबांचा हात धरून स्टेजवर चढल्या.

घाईत असलेल्या माणसाला काहीही दाखवा, तो पुढे सरकतो. पाहुण्यांनी आबांना शाल आणि श्रीफळ दिलं, आणि ‘पाल्य’ म्हणून पुढे आलेल्या सत्तरीच्या बाईंना कंपासपेटी आणि चॉकलेट दिलं. पाठ थोपटून “खूप अभ्यास कर” असंही म्हणाले. हौसाबाई “व्हय” म्हणाल्या. मॅडमच्या हातातल्या कागदावर पुढे ‘पाल्य दोन ओळी म्हणेल’ असं होतं. मॅडमनी माइक पुढे केला. त्या वेळी त्यांचंही डोकं चालेनासं झालं होतं.

हौसाबाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “बे एके बे. बे दुणे चार.” कट्ट्यावर बसून, खिडकीतून ऐकून ऐकून पाठ झालेला पाढा. पहिल्या रांगांतली पोरं आपसूक साथ देऊ लागली. बे दाहे वीसपर्यंत सगळा हॉल एका सुरात म्हणत होता. मग त्या थांबल्या, पण माइक सोडला नाही.

“आमचं दोघांचंबी नातवंड हितं न्हाई,” त्या म्हणाल्या. “हुतं, आता न्हाई. आमी आपलं उगंच येतो. घरात करमत न्हाई म्हून.”

आबांना वाटलं, स्टेज दुभंगावं आणि आपल्याला पोटात घ्यावं. पाहुणे मात्र फोनमध्ये होते. आवाज थांबला तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाहुण्यांनी वाजवल्यावर सगळ्यांनीच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका नीरजाबाईंनी आबांना बोलावलं. नियमाप्रमाणे त्यांना प्रतिनिधी ठेवता येत नव्हतं. त्याच नियमाप्रमाणे वर्गाला प्रतिनिधी असणं सक्तीचं होतं, आणि सकाळपासून विचारूनही एकही पालक तयार झाला नव्हता. तेव्हा दुसरं कोणी मिळेपर्यंत आबांनीच काम बघावं. “कामाला बोलावू तेव्हा या, पण कट्ट्याचं मात्र कडक करावं लागेल,” त्या अवघडून म्हणाल्या. “काल सगळ्यांनी ऐकलं ना.”

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गेटवर प्रीतम उभा होता आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता. आबांपाशी आल्यावर त्याने स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

“आबा, हुकूम आहे. विचारायला लागतं. कोणाला न्यायला आलात?”

आबांनी जन्मभर दुसऱ्यांना गेटवर अडवलं होतं. नियम म्हणजे नियम. त्यांनी मान हलवली, छत्री काखेत मारली आणि परत फिरले.

मागून हौसाबाई येत होत्या. त्यांनी एक नजर आबांकडे टाकली, एक प्रीतमकडे.

“आजी, तुम्ही कोणाला न्यायला आलात?”

“ह्यांना,” हौसाबाई म्हणाल्या आणि आबांकडे बोट केलं.

प्रीतमने विचार केला. न्यायचं माणूस लहानच हवं, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने हौसाबाईंना आत घेतलं आणि रस्त्यावर उभ्या राहिलेल्या आबांना हाक मारली.

“आणि आबा, तुम्ही?”

इतक्या दिवसांत या गेटवर आबांनी खरं उत्तर दिलं नव्हतं.

“हौसाबाईंना,” ते म्हणाले.