भूगोलाच्या सरांचा चहा

मनमाडच्या पुढे पाऊल न टाकता अख्ख्या जगाचा चहा चाखलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नाशिकरोडला माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ते आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी गणित. सत्तरच्या दशकाची अखेर होती. सर अविवाहित, पन्नाशी उलटलेले. दोन खोल्यांत एक खाट, आणि उरलेल्या जागेत सगळा चहा. पितळी किटल्या, मातीची बोळकी, कान तुटलेले कप, आणि बरण्यांतून सुंठ, वेलची, पुदिना, गवती चहाची वाळलेली पात. ज्या मुलखाचा चहा, तो त्याच मुलखाच्या रीतीने प्यायचा, यात तडजोड नाही. पंजाबी चहा हातभर उंच पितळी ग्लासातून. जपानी चहा चटईवर गुडघे मोडून, अवाक्षर न बोलता. त्यासाठी हिरव्या पत्तीची भुकटी त्यांनी कुठून पैदा केली देव जाणे, पण ती घुसळायला दाढीचा नवा कोरा ब्रश घेतला होता. ‘नवा आहे’ हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तरी मला फेस दिसला की गालच आठवत. रशियात साखर दातांत धरून वरून बिनसाखरेचा चहा पितात, असं वाचून त्यांनी एकदा हेडमास्तरांना खडीसाखर दिली. हेडमास्तर चावले. दाढेचा टवका उडाला, आणि त्या वर्षी सरांच्या वाट्याला शनिवारचे शेवटचे तास आले. सरांना दाढेचं वाईट वाटलं, पण त्याहून वाईट वाटलं ते हेडमास्तरांनी साखर नुसती दातांत धरायच्या ऐवजी चावली याचं.

ही सगळी विद्या पुस्तकांतली नव्हती. बरीचशी देवळाली कॅम्पातल्या जवानांकडून आलेली. रविवारी सर स्टेशनवर जाऊन बसत. गाडीची वाट पाहणारा जवान दिसला की शेजारी सरकून गाव विचारत, आणि पाठोपाठ, तुमच्याकडे चहा कसा करतात? बरेच जण हसून सांगत, एखादा चौकशी खात्याचा माणूस समजून उठून जाई. आसामच्या एकाने बिनदुधाचा लाल चहा शिकवला, काश्मीरच्या एकाने मिठाचा गुलाबी. लडाखचा एक जवान भेटला तेव्हा तर सर त्याला घरीच घेऊन आले. लोणी, मीठ आणि चहा उंच डब्यात घालून रवीने घुसळला. मीही होतो. जवानाने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“घर में ऐसा नहीं होता,” तो म्हणाला. मग पेला पुन्हा उचलला. “पर घर याद आ गया.”

सर आठवडाभर तरंगत होते. पुढच्या रविवारी त्यांनी ताजं लोणी आणून ठेवलं. पण जवान आला नाही, त्याची तुकडी हलली होती. कॅम्पातली माणसं अशीच, दुसऱ्यांदा आलेला पाहुणा मी त्या घरात पाहिला नाही. मी तेवढा हक्काचा, आणि माझं जाणंही माझ्या लग्नानंतर कमी कमी होत गेलं.

दार्जिलिंगला जाऊन तिथला चहा तिथेच प्यायचा, हा बेत आमच्या दोघांचा. तीन उन्हाळे नुसता नकाशा पसरून झाला, चौथ्या उन्हाळ्यात कलकत्त्यापर्यंतची रिझर्व्हेशनं झाली. आणि घोटीला मेहुणीचं लग्न निघालं. खरं सांगायचं तर लग्न आटोपून दोन दिवसांनी निघता आलं असतं. पण मलाच तो लांबचा प्रवास नकोसा झाला होता, आणि लग्न हे सोयीचं कारण होतं. सरांना लग्नाचंच कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “लग्न महत्त्वाचं. डोंगर कुठे पळून जातोय?” आणि ठरल्या दिवशी एकटेच गेले.

पंधरा दिवसांनी दुपारी दार वाजलं. स्वतःचं कुलूप न काढता सर बॅगेसकट आधी आमच्याकडे आले होते. तासभर ते हिमशिखरांबद्दल आणि छोट्या आगगाडीबद्दल बोलले. मी विचारलं, चहा कसा होता?

“प्यायलो नाही.”

मला थट्टा वाटली. ते खाली बघत सांगत होते. “दोनदा हॉटेलात जाऊन बसलो. एकदा तर कप समोर आला. आता हा प्यायचा आणि कसा आहे ते सांगायचं कुणाला? तसाच ठेवून उठलो.” मग बॅगेतून पुडा काढून बायकोच्या हातात दिला. “पाणी ठेवा, वहिनी.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहून सकाळी त्यांच्या स्टोव्हचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मी सावरून आत जाईपर्यंत बायकोने त्या दार्जिलिंगच्या पत्तीत आलं ठेचून घातलं होतं, दूध-साखर घालून खळखळ उकळी आणली होती. मी धास्तावलो. सरांनी बशीत ओतून फुंकर घातली, प्यायले, आणि म्हणाले, “झकास झालाय. अजून अर्धा कप असेल तर द्या.”

पाच वाजले, सहा वाजले, सर उठायचं नाव घेईनात. बायकोने मला काही न विचारता कणकेत दोन मुठी पीठ वाढवलं. मी त्यांची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.