गिरधरनानाच्या पुस्तकातला गोचीड

आमचा गिरधर सोनगीरचा. नरडाण्याला एका कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं वॉचमन होता. सुटी झाली की बाकीचे वॉचमन डबे, पिशव्या चाचपायचे आणि हा खुर्चीवर बसून नुसता बघायचा. मला म्हणायचा, "पुना, पिशवी कशाला तपासायची? ज्यानं काही उचललंय, त्याचे डोळे आपोआप तिकडं जातात." एकदा एका फिटरला थांबवून म्हणाला, "डब्यात नाही, टोपीत आहे." टोपी काढली तर बेअरिंग घरंगळत थेट साहेबाच्या बुटापाशी. तो फिटर पुढं गिरधरचा व्याही झाला, पण ते राहू द्या.

रिटायर झाल्यावर गिरधरला मनातलं ओळखायच्या खेळाचा नाद लागला. समोरच्यानं पुस्तक उघडायचं, पानावरचा पहिला शब्द मनात धरायचा आणि यानं डोळे मिटून तो सांगायचा. जत्रा, बारशी, शाळांची गॅदरिंगं, जिथं बोलावतील तिथं हा तयार. झोळी वाहायला मी.

त्याचं म्हणणं, खेळ नंतर, आधी पुस्तक निवडता आलं पाहिजे. पहिलं पुस्तक त्यानं नातीच्या मोबाइलवरून मागवलं होतं. काळं चामडं, वर कवटी, पितळेची कडी. एका गावात ते पाटावर मांडलं. खेळ सुरू व्हायच्या आत एका म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं फूल ठेवलं. तिसरी म्हणाली, "बिनआंघोळीचं उघडू नका हो." मग कोणी हातच लावीना. शेवटी आम्ही तिथं नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि परत आलो.

देवाधर्माचं पुस्तक दिलं तर लोक कपाळाला लावून परत करायचे. गोष्टींचं दिलं तर वाचतच बसायचे. एक मास्तरीणबाई तर पुस्तक घरी घेऊन गेल्या, वाचून झालं की देते म्हणाल्या. ते अजून झालेलं नाही. नवंकोरं पुस्तक दिसलं की पोरं ओरडायची, "नाना, यात काहीतरी आहे!"

मग आम्ही धुळ्याला छगनच्या रद्दीच्या दुकानात जाऊन बसू लागलो. गिरधर एकेक पुस्तक तळहातावर उभं धरायचा, सोडायचा, कुठं उघडतं ते बघायचा. मिटायचा, पुन्हा सोडायचा. छगन वैतागला. "नाना, पुस्तक घेताय की कोंबडी?"

तिसऱ्या खेपेला गिरधरचा चेहरा खुलला. हातात होतं गुरांच्या निगेचं जाड पुस्तक. कव्हर नाही, कडेला शेणाचा डाग. कुठल्या तरी शेतकऱ्यानं त्यातलं एक पान इतक्यांदा बघितलं होतं की पुस्तकाची पाठच तिथं मोडली होती. कोणाच्याही हातात द्या, ते तिथंच उघडायचं. आणि त्या पानावरचा पहिला शब्द होता गोचीड.

त्या एका गोचिडावर गिरधरनं सात वर्षं खेळ केले. डोळे मिटून म्हणायचा, "काहीतरी चिकटलंय... ओढलं तरी निघत नाही... रक्त पितंय..." लोक हसून लोळायचे. एका गावात दोनदा खेळ करायचा नाही, एवढं पथ्य पाळायचा. हे गुपित फक्त त्याच्या बायकोला, सुनंदाबाईंना ठाऊक होतं. मला नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, झोळी वाहणाऱ्याला दर वेळी गोचीडच निघतो हे दिसलं नाही? दिसलं की! पण मला वाटायचं, गिरधरच लोकांच्या डोक्यात गोचीड सोडतो. यात पुस्तकाचं काही काम असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत आजी-आजोबा दिवस ठरला. गावात गिरधरनं खेळ कधी केला नव्हता. पिठाच्या चक्कीवर सुनंदाबाईंनी चारचौघींसमोर त्याला डिवचलं, "बाहेर लई मिरवता. गावात चुकलात तर झोळी माळ्यावर टाकीन, मग पुन्हा हात लावायचा नाही."

"कबूल!" गिरधर तावात म्हणाला आणि घरी येईपर्यंत त्याचा ताव उतरला. झोळी गेली तर हा माणूस दिवसभर ओट्यावर बसून माशा मारणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, आपणही दोस्तासाठी काहीतरी करावं. झोळी माझ्याकडंच असायची. मी पुस्तक काढलं आणि धुळ्याला रहीमच्या बाइंडिंगच्या दुकानात दिलं. रहीमनं सगळी पानं सोडवून नव्यानं शिवली, लाल रेक्झीन चढवलं, वर सोनेरी अक्षरांत 'गिरधरनाना'. म्हणाला, "पुनाभाऊ, अब ये कहीं से नहीं टूटेगी."

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी गिरधरनं झोळीत हात घातला आणि लाल पुस्तक बाहेर आलं. त्यानं ते तळहातावर उभं करून सोडलं. ते विटेसारखं मिटलेलंच राहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मी छाती फुगवून म्हणालो. "कशी वाटली भेट?"

तो माझ्या कानाशी आला. "मना गोचीड मारी टाका रे तुनी!" आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. समोर गाव बसलेलं, पहिल्या रांगेत सुनंदाबाई.

मागं फिरायला वाट नव्हती. गिरधरनं पुस्तक दाराजवळ बसलेल्या यशोदाअक्काच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावला, पानं चाळली, मागं गेली, पुढं आली, एका ठिकाणी थांबली. बोटानं शब्द धरला, ओठ हलवले, पुस्तक मिटलं आणि दाराकडं बघितलं. एरवी गिरधर डोळे मिटायचा. आज त्यानं ते मोठे केले. अक्काच्या पायांकडं बघितलं, मुठीकडं बघितलं. सुनंदाबाईंची मान खाली.

"अक्का," गिरधर सावकाश म्हणाला, "तुमच्या मनातला शब्द इथं नाहीच. तो तुमच्या गोठ्यात उभा आहे."

कोणीतरी हसलं.

"आणि तो एकटा नाही, दोन जिवांचा आहे. शब्द आहे... गाभण!"

अक्कानं तोंडावर हात ठेवला. "तुले कसं कयनं रे?" मग उठून पान सगळ्यांना दाखवत सुटली. 'गाभण गायीची निगा'. "बठ्ठं खरं शे! सकाळधरून वैरणीले तोंड नही लावं तिनी. सूनले बसाडी उनू." गायीपाशी सुनेला बसवून अक्का खेळाला आली होती. टाळ्या थांबेचनात. सुनंदाबाई तेवढ्या टाळी वाजवायची विसरल्या होत्या. त्या गोचिडाची वाट बघत होत्या.

घरी जाताना मी विचारलं तर गिरधर म्हणाला, "पायाला ओला भुसा, मुठीत फोन, डोळे दारावर. अशा बाईच्या हातात गुरांचं पुस्तक दिलं तर ती गोचीड कशाला शोधेल?"

अक्काच्या गायीला त्याच दिवशी पाडी झाली. तिनं चीक पाठवला, सुनंदाबाईंनी खरवस केला आणि झोळी निमूटपणे खुंटीला अडकवली.

तिसऱ्या दिवशी गिरधर दारात उभा. "चल, धुळ्याला. छगनकडं."

"आता कशाला पुस्तक? तुला तर खरंच मनातलं कळतं!"

त्यानं झोळी माझ्याकडं न देता स्वतःच्याच खांद्याला लावली. "येड्या, दर खेळाला कोणाची तरी गाय थोडीच विणार आहे?"